नव्या बिऱ्हाडांतील टोमॅटो

बदलीनिमित्त जळगांवास येऊन मेहरूणकडे बिऱ्हाड करणाऱ्या मंडळींस पहिल्याच उन्हाळ्यांत एक अनुभव हटकून येतो. फाल्गुनांत हौसेनें लावलेलें टोमॅटोचें रोप वाढतें, फुलतें आणि फुलें देंठासकट गळून पडतात. ‘खानदेशची माती आम्हांस मानवत नाहीं,’ असा निकाल देऊन गृहिणी मोकळी होते. आमच्या मतें दोष मातीचा नसून वेळेचा आहे. दिवसाची उष्णता ३५ अंशांपलीकडे गेली कीं टोमॅटोचे पराग निकामी होऊं लागतात. येथें तर वैशाखांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो.

श्रावण-भाद्रपदांत वाफ्यांत बीं टाकावें, चार आठवड्यांनीं रोपें लावावींत, म्हणजे मार्गशीर्षापासून फळ हातीं येतें. काळी माती पाणी धरून ठेविते, यास्तव रोप वरंब्यावर असावें. गतवर्षीं वांगीं लावलेली जागा टाळावी. दोहोंचें कूळ एक, रोगही बहुतेक तेच. (ज्या जिल्ह्याच्या भरिताच्या वांग्यांस २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तेथें ही सूचना पाळणें किती कठीण, हें आम्ही जाणतों!)

घरांत मांजर असल्यास मऊ वाफा त्यास आपल्यासाठींच केलेला वाटतो. त्यास मारूं नये. मेहरूणची बोरें प्रसिद्धच आहेत. बोरीच्या कांटेरी फांद्या रोपांभोंवतीं पसराव्या. टोमॅटोचा पाला मात्र कुत्र्यास वा गाईवासरांस खाऊं देऊं नये; तो बाधतो.

रोपें नेहमीं गरजेहून अधिक उगवतात. उरलेलीं शेजारीं नेऊन द्यावींत. ताटली परत येते ती कळण्याच्या भाकरीसह.