मोटार सुधारली, पण थांबते किती अंतरात?

मोटार पूर्वीपेक्षा फार सुधारली आहे, हे आरंभीच मान्य करून टाकू. व्होल्वो कंपनीतील निल्स बोलिन या अभियंत्याने १९५९ साली तीन ठिकाणी धरून ठेवणारा आसनपट्टा काढला. त्या एका पट्ट्याने जगभर असंख्य जीव वाचविले. पुढे चाक जाम होऊ न देणारे ब्रेक आले, धडक होताच फुगणाऱ्या हवेच्या पिशव्या आल्या. तेव्हा मोटारीविरुद्ध फिर्याद घेऊन मी येथे उभा नाही. प्रश्न एवढाच, की गाडी सुधारली आणि रस्ताही सुधारला, तरी त्या मानाने आपण सुरक्षित का झालो नाही?

रस्त्याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले घेऊ. सिन्नर आणि इगतपुरी तालुक्यांतून समृद्धी महामार्ग जातो. नागपूर ते शिर्डी हा त्याचा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि जून २०२५ मध्ये सारा ७०१ किलोमीटरांचा मार्ग पुरा झाला. मोटारीला ताशी १२० किलोमीटरांची मुभा. वाटेत चौक नाही, सिग्नल नाही, दुचाकी नाही. अपघाताची नेहमीची कारणे येथे मुळातूनच काढून टाकलेली. तरीही अपघात झाले, आणि ते कसे झाले हे समजून घेण्यासारखे आहे.

प्रथम थोडे गणित करू. समोरचा अडथळा दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत सावध माणसालाही सुमारे एक सेकंद लागतो. ताशी ६० च्या वेगात तेवढ्यात गाडी १७ मीटर जाते आणि ब्रेक लागल्यावर, कोरड्या रस्त्यावर व चांगल्या टायरवर, आणखी २० मीटर. म्हणजे एकूण ३७. आता वेग दुप्पट करा, १२० करा. अंतर दुप्पट होईल असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात पहिल्या सेकंदात ३३ मीटर आणि ब्रेकनंतर ७९, म्हणजे एकूण ११२ मीटर होतात. गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. वेग दुप्पट तर ऊर्जा चौपट. हा हिशेब कोणत्याही कारखान्याला बदलता आलेला नाही. ब्रेक कितीही उत्तम असो, शेवटी गाडीला धरून ठेवते ते रबर, आणि रस्त्याला टेकलेला त्याचा भाग दर चाकामागे तळहाताएवढाच असतो.

हेच रबर दुसरीकडेही दगा देते. सिमेंटच्या रस्त्याने टायर फुटतात, असे लोक सर्रास म्हणतात. सगळा दोष सिमेंटचा नव्हे. हवा कमी असलेले टायर प्रत्येक फेऱ्यात दबते व पुन्हा फुगते. त्या घुसळणीने ते आतून तापते. गावातल्या गावात हे खपून जाते. तासन्‌तास १२० ने धावताना, तेही उन्हाळ्यात, खपत नाही. म्हणूनच परिवहन खात्याने २०२३ मध्ये महामार्गावर गाड्यांचे टायर तपासण्यास सुरुवात केली.

पण सर्वांत नाजूक भाग चालकच होय. वळण नाही, खड्डा नाही, गाडीत गारवा, इंजिनाचा आवाज नाही. अशा वेळी डोळा लागणे हे स्वाभाविकच. तीन सेकंदांच्या डुलकीत १२० ची गाडी शंभर मीटर पुढे जाते. रस्ता निर्धोक केला आणि त्या निर्धोकपणानेच माणूस पेंगू लागला!

जर्मनीतील म्यूनिक शहरात ऐंशीच्या दशकात एक प्रयोग झाला. काही टॅक्सींना चाक जाम न होऊ देणारे नवे ब्रेक बसविले, काहींना जुनेच ठेवले. चालकांना कळू न देता निरीक्षक प्रवासी म्हणून बसले. आढळले ते असे की, नव्या ब्रेकांच्या गाड्यांना अपघात लक्षणीय कमी झालेच नाहीत. ते चालक वळणे अधिक वेगाने घेत होते. ब्रेकने जे दिले ते चालकाने धाडसात खर्च करून टाकले.

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची मोटार कठड्यावर आदळली. गाडी भारी किमतीची होती. मागे बसलेल्या दोघांनी पट्टा बांधलेला नव्हता, आणि ते दोघेही दगावले. हवेची पिशवी पट्ट्याला जोड म्हणून असते. पट्ट्याची जागा ती घेत नाही. आपल्याकडे मात्र मागे बसणाऱ्याने पट्टा बांधणे हे अजून थोडे हास्यास्पदच समजले जाते.

आता महामार्ग सोडून घराजवळ येऊ. कांद्याच्या दिवसांत चांदोरी-सायखेडा रस्त्यावर रात्री एखादी ट्रॉली पंक्चर होऊन उभी राहते. मागे दिवा नसतो. समोरून वाहन येते म्हणून मोटारवाला दिवे खाली करतो; मग त्याला पुढचे चाळीस-पन्नास मीटर जेमतेम दिसते. तो ताशी ८० ने असेल तर थांबावयास ५७ मीटर हवेत. नवी गाडी ८० लाही ४० सारखी संथ भासते, म्हणून वेग त्याच्या ध्यानातही येत नाही. अशा वेळी उत्तम ब्रेक त्या ट्रॉलीच्या थोडे अलीकडे नव्हे, थोडे पलीकडे गाडी थांबवू पाहतात.

ट्रॉलीच्या पाठीमागे लाल परावर्तक पट्टी लावली, तर ती मंद उजेडातही पुष्कळ लांबून चमकते. लिलावासाठी सायखेड्याच्या बाजारात ट्रॉल्या तासन्‌तास रांगेत उभ्या असतात. पट्टी चिकटविण्यास एवढा वेळ पुष्कळ झाला.