डेमो किती तपासावा?
फेब्रुवारी २०२३मध्ये गूगलने आपल्या ‘बार्ड’ या चॅटबॉटची झलक प्रसिद्ध केली. सूर्यमालेबाहेरच्या ग्रहाचे पहिलेवहिले छायाचित्र जेम्स वेब दुर्बिणीने टिपले, असे बार्डने त्यात ठामपणे सांगितले. प्रत्यक्षात ते २००४मध्येच चिलीतल्या ‘व्हेरी लार्ज टेलिस्कोप’ने मिळवले होते. चूक उघड झाली आणि गूगलच्या मालक कंपनीचे, अल्फाबेटचे, बाजारमूल्य एका दिवसात सुमारे १०० अब्ज डॉलरने घसरले.

डेमो अपुराच असतो. काही दोष तर लोकांनी वापरल्याशिवाय सापडतही नाहीत. म्हणून सगळे तपासा, असा हट्ट मी धरणार नाही. पण आपणच निवडून जगापुढे मांडलेले उत्तर? ते तपासायलाच हवे. बार्डसारख्या चॅटबॉटमागचे भाषा-मॉडेल पुढचा संभाव्य शब्द निवडत वाक्य रचते. वाक्य खरे आहे की नाही, हे त्यातून ठरत नाही. ती पडताळणी माणसाने करायची असते, आणि इथे ती काही मिनिटांत झाली असती.