मामूंच्या रिपोर्टमधली कोरी जागा

आमचे मामू खेडजवळच्या गावात राहतात. पंचवीस वर्षं कुवेतमध्ये नोकरी करून परतले. आता वय ५८. त्यांचे थोरले भाऊ चौपन्नाव्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने गेले, तेव्हापासून घरात कुणाच्या छातीत जरा जळजळलं तरी मुमानींचा जीव वरखाली होतो. त्यांच्याच आग्रहाने मामूंनी रक्त तपासून घेतलं. रिपोर्टमध्ये एका ओळीसमोर ठळक अक्षरात आकडा होता: ट्रायग्लिसराइड ४१२. बाजूला लिहिलं होतं, १५०पेक्षा कमी असावं.

कुणाला काही न विचारता मामूंनी स्वतःच परहेज सुरू केला. अंडी बंद, मटण बंद, चिकनसुद्धा जुम्म्याच्या दिवशी दोन तुकडे. तीन महिने माणूस घरच्या दावतीतही डाळ-भात खाऊन उठला. मग पुन्हा रक्त दिलं, तर आकडा ४३१. मामूंनी रिपोर्ट माझ्यापुढे टाकला आणि म्हणाले, “मग मी मन मारून राहिलो कशासाठी?”

त्यांचा राग मला पटला. चूक त्यांची एकट्याची नव्हती. आपल्याकडे रक्तातल्या चरबीचा विषय निघाला की बोट थेट मटणाकडे जातं, आणि ट्रायग्लिसराइडच्या बाबतीत ते बहुतेक वेळा चुकीच्या ताटाकडे जातं.

ट्रायग्लिसराइड म्हणजे शरीराचं साठवणीचं इंधन. कोलेस्टेरॉल पेशींच्या भिंती बांधायला आणि काही संप्रेरकं बनवायला लागतं, ते जळण म्हणून वापरलं जात नाही. ट्रायग्लिसराइड मात्र जाळण्यासाठी किंवा साठवण्यासाठीच असतं. पोटावरची, कमरेवरची चरबी मुख्यतः हीच. रक्तात ती दोन वाटांनी येते. एक वाट सरळ आहे: तेल-तूप खाल्लं, आतड्यातून शोषलं, काही तास रक्तात फिरलं आणि पेशींत गेलं. दुसरी वाट यकृतातून जाते. साखर, मैदा, भात यांतून गरजेपेक्षा जास्त ऊर्जा आली की यकृत तिचा काही भाग चरबीत बदलतं आणि रक्तात सोडतं. साखरेतला फ्रुक्टोज हा घटक या कामात खास पटाईत. रात्रभर उपाशी राहून सकाळी रक्त देतो तेव्हा पहिल्या वाटेने आलेली चरबी जवळपास संपलेली असते. उरलेला आकडा मुख्यतः यकृताने पाठवलेल्या मालाचा. १९६१मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतले डॉक्टर पीट आरेन्स आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिलं होतं, की कित्येक रुग्णांत रक्तातली ही चरबी स्निग्ध पदार्थांमुळे नव्हे, तर पिष्टमय आणि गोड आहारामुळे वाढते. साठ वर्षं उलटली, तरी ही गोष्ट आपल्या स्वयंपाकघरापर्यंत नीट पोचलेली नाही.

मी मामूंना चिपळूणच्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी मटणाचं नावही काढलं नाही. पहिला प्रश्न विचारला, “चहा किती वेळा?”

मामू म्हणाले, “तीन-चारदा.”

मुमानी शेजारीच होत्या. त्यांनी बोटं मोजली आणि आकडा सातवर नेला. फजरनंतर एक, नाश्त्याला एक, दुकानात दोन, असरनंतर एक, पाहुण्यांबरोबर एक, रात्री एक. प्रत्येक कपात दोन चमचे साखर. एका चमच्यात पाच ग्रॅम धरली तर दिवसाला सत्तर ग्रॅम साखर नुसत्या चहातून. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की वरून घातलेली साखर दिवसाला साधारण पंचवीस ग्रॅमच्या आत ठेवता आली तर उत्तम. शिवाय चहाबरोबर खारी नाही तर टोस्ट. दोन वेळा भात, सकाळी तांदळाची भाकरी. आणि मटण सोडल्यापासून ताकद राहावी म्हणून रोज संध्याकाळी मोठा पेला भरून मोसंबीचा रस! म्हणजे परहेजाच्या काळात मामूंनी खरं तर साखर वाढवली होती.

डॉक्टरांनी मग पट्टी घेऊन पोटाचा घेर मोजला: १०२ सेंटीमीटर. आपल्याकडच्या पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटीमीटरच्या पुढे घेर गेला, की हा आकडा, साखर आणि रक्तदाब एकमेकांचा हात धरून वाढण्याची शक्यता असते. माणूस दिसायला फार जाड नसला तरीही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत महाराष्ट्र, तमिळनाडू, झारखंड आणि चंदीगड इथल्या लोकांचं रक्त तपासलं होतं. एकूण कोलेस्टेरॉल वाढलेले सुमारे १४ टक्के निघाले, ट्रायग्लिसराइड वाढलेले जवळपास ३० टक्के, आणि ज्याला आपण चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतो ते एचडीएल कमी असलेले ७२ टक्के. म्हणजे आपल्या लोकांची दुखती नस कोलेस्टेरॉलच्या एका आकड्यात पुरती सापडत नाही. ट्रायग्लिसराइड वर आणि एचडीएल खाली, ही आपली खास जोडी.

आता रिपोर्ट कसा वाचायचा ते सांगतो, कारण मामूंच्या कागदावर एक गोष्ट आम्हा दोघांच्याही नजरेतून सुटली होती. १५०च्या आत ठीक, १५० ते १९९ सीमेवर, २०० ते ४९९ जास्त, ५००च्या पुढे फार जास्त. तपासणीआधी दहा-बारा तास काही खाऊ नये, पाणी चालतं. हल्ली साध्या चाचणीसाठी उपाशी राहण्याचा आग्रह बरेच डॉक्टर धरत नाहीत, पण आकडा चढा आला तर उपाशीपोटी पुन्हा पाहावाच. आदल्या रात्री वलीम्याला बिर्याणी आणि फिरनी रिचवून सकाळी रक्त द्यायला जाऊ नका. तो तुमचा रोजचा आकडा नसतो.

सुटलेली गोष्ट ही, की एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, याच्यासमोर आकडाच नव्हता. नुसती एक आडवी रेघ. मामूंना वाटलं, ते ठीक असेल म्हणून लिहिलं नाही. पण अनेक लॅबमध्ये एलडीएल मोजत नाहीत, हिशेबाने काढतात. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचं आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करायचा. हे सूत्र १९७२पासून चालत आलं आहे, आणि ट्रायग्लिसराइड ४००च्या पुढे गेलं की ते भरवशाचं राहत नाही. म्हणून रेघ. अशा वेळी घरच्या घरी एक साधी वजाबाकी करता येते. एकूण कोलेस्टेरॉलमधून फक्त एचडीएल वजा करा. उरतं ते सगळं रक्तवाहिन्यांना त्रास देणारं. मामूंच्या पहिल्या रिपोर्टात एकूण २३८ होतं आणि एचडीएल ३४. उरले २०४. हा आकडा साधारण १३०च्या आत हवा, आधीच हृदयरोग किंवा मधुमेह असेल तर आणखी खाली.

हृदयाशी याचा संबंध काय? ट्रायग्लिसराइड स्वतः रक्तवाहिनीत चिकटून बसत नाही. ते वाहून नेणारे कण आपला माल पेशींना देऊन लहान होतात, आणि त्या उरलेल्या कणांतलं कोलेस्टेरॉल भिंतीत शिरतं. ट्रायग्लिसराइड जास्त, म्हणजे असे उरलेले कणही जास्त. ५००च्या पुढे दुसराच धोका सुरू होतो, स्वादुपिंडाला सूज येण्याचा. हजाराच्या पुढे तो फार वाढतो. पोटाच्या वरच्या भागात असह्य दुखून पाठीकडे कळ जात असेल आणि उलट्या होत असतील, तर गॅस समजून सोडा पीत बसू नये, सरळ दवाखाना गाठावा. इतक्या वरच्या आकड्याला साखरेबरोबर तेल-तूपही कडक कमी करावं लागतं.

आणि दर वेळी दोष जिभेचाच असतो असं नाही. आटोक्यात नसलेला मधुमेह, सुस्तावलेलं थायरॉइड, मूत्रपिंडाचा आजार, दारू, स्टेरॉइडसारखी काही औषधं, काही घराण्यांत चालत आलेली ठेवण, यांनीही आकडा चढतो. गरोदरपणात तो काहीसा वाढतोच. म्हणून डॉक्टरांनी मामूंचं थायरॉइड आणि तीन महिन्यांची सरासरी साखर तपासली. थायरॉइड ठीक निघालं. सरासरी साखर ६.१, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर.

गोळी लगेच सुरू करावी असं डॉक्टरांचं मत होतं. मामूंनी चार महिने मागून घेतले. डॉक्टरांनी दिले, पण अटी घालून. चहा तीन कप, बिनसाखरेचा. रस बंद, मोसंबी सोलून खायची. भात एकाच वेळी आणि वाटीने मोजून, दुसऱ्या वेळी ज्वारीची किंवा नाचणीची भाकरी. आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली, पण कालवणात. रवा लावून तेलात तळली तर अर्धं पुण्य गेलं. अंडं खायला मोकळीक, मटण चरबी काढून कधीतरी. जेवणानंतर रोज अर्धा तास चालणं. चालताना स्नायू ही चरबी जाळतात, आणि त्याचा फायदा दुसऱ्या दिवशीच्या जेवणापर्यंत टिकतो. वजन पाच ते दहा टक्के उतरलं, तर नुसत्या तेवढ्याने आकडा सुमारे वीस टक्के खाली येऊ शकतो.

मधे रमजान आला. दिवसभर काही खायचं नाही म्हणजे आकडा आपोआप उतरेल, असा मामूंचा हिशेब. पण इफ्तारला गुलाबी सरबताचे दोन पेले, भजी, समोसे, जिलेबी आणि तरावीहनंतर फालुदा, असं चाललं तर यकृताला दिवसाची सुटी रात्री भरून द्यावी लागते. मुमानींनी दस्तरखानाची मांडणीच बदलली. दोन-तीन खजूर, पाणी, कापलेली फळं, हरभऱ्याची चाट. तळण फक्त रविवारी, आणि उरलेलं तेल पुन्हा कढईत नाही. नातवंडं कुरकुरली, हे सांगितलं पाहिजे.

औषधांबद्दल दोन शब्द. माशाच्या तेलाच्या कॅप्सूल लोक मेडिकलमधून आपल्या मनाने आणतात. एका शुद्ध केलेल्या प्रकाराच्या मोठ्या डोसने हृदयाचे झटके कमी झाल्याचं २०१८च्या एका अभ्यासात दिसलं, पण २०२०च्या दुसऱ्या अभ्यासात वेगळ्या प्रकारच्या माशाच्या तेलाने काहीच फायदा झाला नाही. दुकानातली साधी कॅप्सूल तर यांपैकी कशाच्याच बरोबरीची नसते. २०२२मध्ये पेमाफायब्रेट या औषधाच्या चाचणीत ट्रायग्लिसराइड चांगलं चतुर्थांशाने उतरलं, पण हृदयाचे झटके आणि पक्षाघात काही कमी झाले नाहीत. कागदावरचा आकडा खाली आणणं आणि हृदय वाचवणं या दोन गोष्टी एकच नाहीत. हृदयासाठी आजही पहिलं औषध स्टॅटिनच, आणि चालू असलेली गोळी लेख वाचून कुणी बंद करू नये. माझाही नाही.

चार महिन्यांनी मामूंचं वजन ८६वरून ७९ किलोवर आलं होतं. ट्रायग्लिसराइड १८८. एचडीएल ३८. आणि रेघेच्या जागी पहिल्यांदाच आकडा छापून आला: एलडीएल १३८.

मामूंचा चेहरा उतरला. “एवढा परहेज केला आणि नवीनच आजार निघाला?”

डॉक्टर म्हणाले, “नवीन नाही, आधीपासून होता. पहिल्या आकड्याआड झाकला गेला होता.” सख्खा भाऊ चौपन्नाव्या वर्षी गेलेला, साखर उंबरठ्यावर, यावेळी त्यांनी वाट पाहिली नाही. स्टॅटिन सुरू केलं. मामूंनीही मुदत मागितली नाही.

घरी पोचताच त्यांनी पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाला फोन लावला आणि रक्त तपासून घ्यायला सांगितलं. मुलगा २९ वर्षांचा, क्रिकेट खेळणारा, त्याने हसण्यावारी नेलं. तीन आठवडे रोज फोन गेल्यावर कंटाळून लॅबमध्ये गेला. २३६. आता रात्री बाप-लेक फोनवर बोलतात, तेव्हा सलाम-दुआ झाली की मामूंचा पहिला प्रश्न असतो, “आज किती कप?”