वाटाण्याचा सिनेमा

बालमित्रांनो, सुट्टीत स्वतःचा अ‍ॅनिमेशनपट करायचा असं तुमच्यापैकी कितीजणांनी ठरवलंय? आमच्या धायरीतली मुलंही ठरवतात. पहिल्या दिवशी भराभर चित्रं काढतात, आणि चौथ्या दिवशी वही कपाटात जाते! सुरुवात सगळेच करतात. पूर्ण करणं हीच खरी परीक्षा.

दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनहून कॅमेरा घेऊन आले. वय ४२ वर्षांचं, पण सिनेमात ते विद्यार्थीच! चित्रपटासाठी भांडवल हवं होतं. मग त्यांनी स्वतःच स्वतःला प्रकल्प दिला. कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा रोखला आणि ठराविक वेळानं एकेक चित्र घेत राहिले. काम चाललं महिनाभर. पडद्यावर मात्र बघता बघता कोंब फुटून वेल वाढला! हीच 'अंकुराची वाढ'. ती पाहून भांडवल मिळालं आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईत 'राजा हरिश्चंद्र' झळकला. वाटाणा अर्धा वाढल्यावर त्यांनी कंटाळा केला असता तर?

अ‍ॅनिमेशनचीही युक्ती हीच, एकेक चित्र जोडण्याची. इंग्लंडच्या निक पार्क यांनी १९८२ साली शिकत असताना शेवटच्या वर्षाचा चित्रपट म्हणून मातीच्या बाहुल्यांची गोष्ट घेतली. वॉलेस आणि त्याचा कुत्रा ग्रोमिट चीज आणायला चंद्रावर जातात! चित्रपट जेमतेम २३ मिनिटांचा, पण पूर्ण झाला १९८९ साली. मधे नोकरी लागली, तरी त्यांनी तो सोडला नाही.

आता तुमची पाळी. मात्र विषय झेपेल एवढाच घ्या. कुंडीत मूग पेरा. कुंडीभोवती खडूची खूण करा. आईबाबांचा फोन रोज त्याच जागी, त्याच उंचीवर ठेवा. सकाळी ७ ते संध्याकाळी ६, दर तासाला एक फोटो. दिवसाचे झाले १२. दहा दिवसांचे १२०. सेकंदाला १२ फोटो दाखवले, तर सिनेमा किती सेकंदांचा? फक्त दहा! पण एक दिवस चुकला, की रोप पडद्यावर टुणकन उडी मारतं. तेव्हा नागा नको.

पालकांनो, फोटो मुलांनाच काढू द्या. तुम्ही फक्त वेळेची आठवण करा.

आणि हो, शेवटी 'समाप्त'ची पाटी हवीच. ती दोन सेकंद दिसायची, तर तिचे फोटो किती लागतील? करा बरं हिशेब!