अफगाण हाउंड

अफगाण हाउंड ही अफगाणिस्तान आणि त्यालगतच्या डोंगराळ प्रदेशातील, लांब व रेशमी केसांची शिकारी श्वानजात आहे. वासाचा माग न काढता नजरेने सावज हेरून ते धावत गाठणाऱ्या कुत्र्यांच्या गटात तिचा समावेश होतो. ग्रेहाउंड, सलुकी व बोर्झोई या त्याच गटातील जाती होत. मूळ देशात तिला 'ताझी' म्हणतात. या फारसी शब्दाचा अर्थ 'अरबी' असा असून जुन्या मराठीत 'ताजी' हा शब्द अरबी घोड्यासाठी वापरला जाई. पाश्चात्त्य देशांत ही जात प्रदर्शनातील शोभेचा प्राणी म्हणून गाजली. तथापि तिचा स्वभाव समजून घ्यायचा असेल, तर शिकारी हीच तिची मूळ ओळख मानावी लागते.

इतिहास

नोहाने आपल्या नौकेत जी कुत्र्यांची जोडी घेतली ती याच जातीची होती, अशी एक आख्यायिका सांगितली जाते. तिला अर्थातच आधार नाही. जातीचे प्राचीनत्व मात्र निराधार नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ८५ श्वानजातींच्या जनुकीय अभ्यासात लांडग्याशी अधिक जवळीक दाखवणाऱ्या मोजक्या जातींत अफगाण हाउंडचा समावेश झाला.

१९०७ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील प्रदर्शनात कॅप्टन बार्फ यांनी आणलेल्या 'झार्डिन' या कुत्र्याने इंग्रजांचे लक्ष वेधून घेतले. पद्धतशीर पैदास पहिल्या महायुद्धानंतर सुरू झाली. १९२० च्या सुमारास मेजर बेल-मरे यांचे कुत्रे स्कॉटलंडमध्ये आले. ते सपाट, रुक्ष प्रदेशातील, सडपातळ आणि विरळ केसांचे होते. १९२५ मध्ये मेरी अँप्स यांनी काबूलहून आणलेले 'गझनी' घराण्याचे कुत्रे डोंगराळ भागातील, आटोपशीर बांध्याचे व दाट केसांचे होते. खरा अफगाण कोणता, यावर त्या काळी वाद झाला. आजची जात या दोन्ही घराण्यांच्या संकरातून आलेली आहे. आज दिसणारा भरघोस केशसंभार हा पुष्कळसा प्रदर्शनांसाठी झालेल्या निवडक पैदाशीचा परिणाम होय.

जगातील पहिला क्लोन केलेला कुत्रा 'स्नपी' हाही अफगाण हाउंडच होता. त्याचा जन्म २००५ साली दक्षिण कोरियातील सोल राष्ट्रीय विद्यापीठात झाला.

शरीररचना

नराची खांद्यापर्यंतची उंची साधारणतः ६८ ते ७४ सेंमी. असते, मादी किंचित लहान असते. लांबट निमुळते मुख, बदामी डोळे, माथ्यावरील केसांचा झुबका आणि टोकाशी कडे झालेली शेपटी ही ठळक लक्षणे होत. कमरेची हाडे उंच व परस्परांपासून दूर असतात. खडकाळ चढउतारांवर पूर्ण वेगात असतानाही चटकन वळता येते, ते या ठेवणीमुळे. प्रौढ कुत्र्याच्या पाठीवरील केस आखूड असतात. ते कापलेले नसून तेथील लांब केस आपोआप गळून तसा पट्टा तयार होतो.

स्वभाव

स्टॅन्ले कोरेन यांच्या १९९४ च्या 'द इंटेलिजन्स ऑफ डॉग्ज' या पुस्तकातील क्रमवारीत अफगाण हाउंड सर्वांत शेवटी होता. तेव्हापासून 'सर्वांत मठ्ठ कुत्रा' हे बिरुद त्याला चिकटले. ही क्रमवारी आज्ञापालन स्पर्धांच्या जवळपास २०० परीक्षकांच्या मतांवर आधारलेली होती. तिच्यात मोजली गेली ती प्रामुख्याने आज्ञाधारकता. मेंढपाळाचा कुत्रा धन्याच्या खुणेकडे पाहत काम करतो. ससा किंवा हरीण यांच्या मागे धावणारा ताझी मात्र धन्याला केव्हाच मागे टाकून गेलेला असतो. कोठे वळावे, सावज कोठे अडवावे, हे त्याने स्वतःच ठरवायचे असते. ज्याला पिढ्यानपिढ्या स्वतःच्या बुद्धीने चालायला लावले, त्याने हाकेसरशी परतावे अशी अपेक्षा धरणे आणि तो परतला नाही म्हणून त्याला मठ्ठ ठरवणे हा न्याय नव्हे.

घरात हा कुत्रा शांत, स्वच्छताप्रिय आणि काहीसा अलिप्त असतो. परक्यांना तो चटकन जवळ करीत नाही. माणसांशी मात्र त्याची माया खोल असते आणि लहर लागली की तो विदूषकासारखा बागडतो. शिक्षेने तो सुधारत नाही, उलट बुजतो. शिकवणी थोडा वेळ, खाऊचे आमिष दाखवून व न रागावता घ्यावी.

धोका असतो तो मोकळ्या जागेत. दूरवर पळणारे मांजर दिसले की तो काही क्षणांत वेग घेतो आणि मग हाक त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. रस्त्यावरील अपघात आणि हरवणे या दोन्हींचे मूळ यात आहे. म्हणून कुंपण नसलेल्या जागी पट्टा कधीही सोडू नये. कुंपण सुमारे सहा फूट उंच असावे. मात्र रोज धावायला न मिळाल्यास तो खिन्न होतो वा घरात नासधूस करतो. केवळ पट्ट्याने फिरवून त्याची गरज भागत नाही, हे कुत्रा घेण्यापूर्वीच पाहावे.

केसांची निगा

केस कोरडे असताना कधीही विंचरू नयेत, ते तुटतात. पाण्याचा किंवा पातळ केलेल्या कंडिशनरचा हलका फवारा मारून, एकेक थर उचलत कातडीपर्यंत ब्रश फिरवावा. वरवर विंचरलेले केस बाहेरून मोकळे दिसतात आणि आत जटा धरतात. काख, कानामागील भाग व मांड्यांची आतली बाजू येथे गुंता लवकर होतो. आठवड्यातून, फार तर पंधरवड्यातून एकदा आंघोळ घालावी. त्यापूर्वी गुंता सोडवणे आवश्यक असते, कारण भिजलेला गुंता अधिकच आवळला जातो. पिल्लाचे केस जाऊन प्रौढ केस येतात तो काळ, म्हणजे वयाचे साधारण एक ते दीड वर्ष, सर्वांत कष्टाचा असतो. त्या वेळी रोज विंचरावे लागते.

जेवताना कान भांड्यात पडू नयेत म्हणून डोक्यावर कापडी आवरण घालतात. ते आपल्याकडील तान्ह्या मुलांच्या कुंचीसारखे असते. फिरून आल्यावर बोटांच्या बेचक्यांत कुसळे व गोचिडी पाहाव्यात. कोकणासारख्या दमट हवेत केस मुळापर्यंत वाळवणे अगत्याचे असते, अन्यथा कातडीचे विकार होतात. ज्यांना प्रदर्शनात भाग घ्यायचा नाही त्यांनी केस कापून आखूड ठेवण्यात कोणताही कमीपणा नाही. जटांनी कातडी ओढली जाऊन होणारी वेदना कुत्र्याला सोसावी लागते, पाहणाऱ्याला नव्हे.

महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकात आढळणाऱ्या कारवानी कुत्र्यांतही कान, पाय व शेपटी यांवर लांब केस असणारा 'पश्मी' हा प्रकार आहे ('पश्म' म्हणजे लोकर). त्याचे केस अफगाण हाउंडच्या मानाने फारच कमी असल्याने तो येथील हवामानाला अधिक मानवतो.

आरोग्य

आयुर्मान साधारणतः १२ वर्षांच्या आसपास असते. मोतीबिंदू, थायरॉइड ग्रंथीची मंदता व छातीच्या पोकळीत लसिका साठणे हे विकार या जातीत आढळतात. तरुण वयात मागील पाय लुळे पाडणारा मज्जारज्जूचा एक आनुवंशिक आजारही आहे. म्हणून पिल्लाच्या आईबापांच्या आरोग्याची चौकशी करावी. नजरेने शिकार करणाऱ्या या गटातील कुत्र्यांच्या अंगात चरबी अत्यल्प असते, त्यामुळे थायोपेंटोनसारख्या भुलीच्या औषधांचा अंमल त्यांच्यावर लांबतो. कोणतीही शस्त्रक्रिया करण्यापूर्वी कुत्र्याची जात पशुवैद्यांना आवर्जून सांगावी.