स्वस्तातला बोलिंग सेट दोन दिवसांत अडगळीत का जातो?

वाढदिवसाला हमखास येणाऱ्या भेटींमध्ये एक जाळीची पिशवी असते. आत रंगीबेरंगी प्लॅस्टिकच्या सहा किंवा दहा पिना आणि एक-दोन पोकळ चेंडू. पहिल्या संध्याकाळी घरातले सगळे खेळतात. दुसऱ्या दिवशी पंख्याच्या वाऱ्याने पिना आपोआप पडतात, चेंडू लागूनही फक्त एकच पिन पडते, मूल वैतागून चेंडू सोफ्याखाली भिरकावतं. तिसऱ्या दिवशी पिशवी माळ्यावर.

दोष बहुतेक वेळा मुलाच्या चिकाटीला दिला जातो. खरं तर बिघाड वजनात आणि मांडणीत असतो, आणि तो घरच्या घरी दुरुस्त होतो.

चेंडू लागतो, मग पिना का पडत नाहीत?

खऱ्या टेनपिन बोलिंगमध्ये एक पिन साधारण दीड किलोची असते आणि चेंडू जास्तीत जास्त 7.26 किलोचा. म्हणजे जड चेंडू पिनेच्या चारपट-साडेचारपट भरतो. त्यामुळे पहिल्या पिनेला धडकूनही तो फारसा अडत नाही, पुढे घुसत राहतो.

खेळण्यातला चेंडू पोकळ असतो. त्याचं वजन पिनेच्या आसपास, कधी तर तिच्याहून कमी. सारख्या वजनाच्या वस्तूवर समोरून आपटलेला चेंडू आपला वेग तिला देऊन जवळपास थांबतो आणि त्याहून हलका असेल तर मागे उसळतो. कॅरममध्ये स्ट्रायकर सोंगटीपेक्षा जड का असतो, याचंही उत्तर हेच आहे.

म्हणून पहिली दुरुस्ती सोपी: सेटमधला चेंडू बाजूला ठेवायचा. टेनिसचा चेंडू 56 ते 59 ग्रॅमचा असतो आणि पातळ प्लॅस्टिकच्या पिनांना तो पुरतो. भरीव रबरी चेंडू असेल तर आणखी छान.

पंख्याने पडणाऱ्या पिनांची गोष्ट थोडी वेगळी. त्या हलक्या तर असतातच, शिवाय बरंचसं प्लॅस्टिक वरच्या फुगीर भागात गेल्यामुळे त्यांचा तोल वर असतो. बुडाशी झाकण असेल तर चमचाभर वाळू घालून ते चिकटपट्टीने पक्कं बंद करायचं. सगळी पिन भरण्याचा मोह मात्र टाळावा. पिन जड झाली की चेंडू पुन्हा तिच्यापुढे हलका पडतो आणि आपण होतो तिथेच परत येतो.

सेटच नसेल तर पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या रिकाम्या बाटल्या चालतात. बुडाशी दोन चमचे पाणी, झाकण घट्ट. एक मिलिलिटर पाणी म्हणजे एक ग्रॅम, त्यामुळे वजन कमी-जास्त करणं बाटलीत जास्त सोपं जातं. थोडं स्पष्टच बोलायचं तर बाजारातल्या बऱ्याच सेटपेक्षा बाटल्यांचा खेळ चांगला रंगतो.

दोन पिनांमध्ये किती जागा सोडायची?

सगळ्यात जास्त फरक इथे पडतो आणि सेटच्या खोक्यावर नेमकं हेच लिहिलेलं नसतं.

टेनपिनमध्ये पिनेची उंची 15 इंच आणि शेजारच्या दोन पिनांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर 12 इंच. अंतर उंचीपेक्षा कमी असल्यामुळे पडणारी पिन शेजारणीपर्यंत पोहोचते. उत्तम पडलेल्या स्ट्राइकमध्ये चेंडू स्वतः चारच पिनांना लागतो. उरलेल्या सहा पिना पिनांनीच पाडलेल्या असतात!

मुलं स्वतः मांडतात तेव्हा एकतर पिना खेटून लावतात किंवा खोलीभर पसरतात. खेटून लावल्या तर एकमेकींना टेकून उभ्या राहतात, पसरल्या तर प्रत्येकीसाठी वेगळा नेम धरावा लागतो. 15 ला 12 हेच प्रमाण ठेवलं, तर 18 सेंटिमीटरच्या पिनेसाठी अंतर येतं साधारण 14 सेंटिमीटर. पट्टी शोधायची गरज नाही. एक पिन आडवी झोपवायची. तिच्या शेंड्याच्या दोन-तीन बोटं अलीकडे पुढच्या पिनेचा मध्य. एकदा जागा ठरली की फरशीवर खडूने टिंबं काढून ठेवावीत. सहा पिना असतील तर एक-दोन-तीन, दहा असतील तर एक-दोन-तीन-चार असा त्रिकोण, टोक खेळणाऱ्याकडे.

टाकण्याचं अंतर मात्र प्रमाणात काढू नये. खऱ्या खेळात ते 60 फूट असतं, त्या हिशेबाने घरात तब्बल 28 फूट लागतील. तीन-चार वर्षांच्या मुलासाठी तीन ते चार फूट पुरे, म्हणजे दोन फुटी फरशी असेल तर दोन फरश्या. दोन्ही हातांनी, पायांमधून चेंडू ढकलला तरी हरकत नाही. दर दोन-तीन टाकींत काहीतरी पडायला हवं. सलग पाच वेळा हुकलं की लहान मूल उठून जातं. तसं दिसलं तर अंतर कमी करायचं किंवा दोन्ही बाजूंना लोड-उशा लावून चेंडूला वाट करून द्यायची. खालच्या मजल्यावर आवाज जात असेल तर पिनांच्या मागे गोधडी टाकावी. चेंडूच्या वाटेवर सतरंजी नको, तिच्यात चेंडूचा वेग मरतो.

गुण कसे मोजायचे?

बोलिंगची खरी गुणपद्धत, म्हणजे स्ट्राइकनंतर पुढच्या दोन चेंडूंचे गुण त्यात मिळवणं वगैरे, मोठ्यांनाही गोंधळात टाकते. घरात ती सोडून द्यावी. पडलेल्या पिना किती आणि उभ्या किती, एवढंच विचारावं. सात पडल्या, तीन उरल्या. सहा पडल्या, चार उरल्या. दहाच्या जोड्या अशा डोळ्यांसमोर फुटतात. तीनपर्यंत वस्तू मूल एका नजरेत ओळखतं, म्हणून आधी उरलेल्या पिना विचारल्या तर उत्तर पटकन येतं.

शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी फिनलंडच्या मोल्की या खेळाचा नियम उसना घेता येतो. 1996 मध्ये बाजारात आलेल्या या खेळात लाकडी ठोकळ्यांवर 1 ते 12 आकडे असतात. एकच पडला तर त्यावरचा आकडा मिळतो, जास्त पडले तर जितके पडले तितके गुण. नेमके 50 करायचे, ओलांडले तर परत 25 वर. पिनांवर मार्करने आकडे टाकले की काम झालं. यात सगळं पाडणारा जिंकेलच असं नाही, त्यामुळे मोठ्या ताईसमोर धाकट्यालाही संधी राहते.

विकत घेताना काय पाहायचं?

भारतात 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना त्यातून सूट आहे. आयएस 9873 या मानकात टोकं, धारा, सुटणारे तुकडे यांच्यासोबत रंगातल्या शिशासारख्या धातूंचीही तपासणी येते. रस्त्यावरच्या सुट्या पिशवीवर हे चिन्ह नसेल, तर पन्नास-शंभर रुपये वाचवून उपयोग नाही, कारण लहान मूल पिन खेळण्याआधी तोंडात घालतं.

तीन वर्षांखालच्या मुलासाठी चेंडूचा व्यास 44.5 मिलिमीटरपेक्षा मोठा हवा, म्हणजे तो घशात अडकण्याचा धोका राहत नाही. टेबल टेनिसचा चेंडू 40 मिलिमीटरचा असतो, तो या वयात देऊच नये. बाटल्यांची झाकणं आणि वाळू भरलेल्या पिनांची बुडं खेळ संपल्यावर रोज एकदा ओढून पाहावीत. तडा गेलेली पिन चिकटवत बसू नये. नऊ पिनांनी खेळावं, युरोपात शतकानुशतकं हा खेळ नऊ पिनांनीच खेळला गेला आहे.