मोहोळच्या गच्चीवरून विमान ओळखा!

९ जून २०२५ला सोलापूर-गोवा सेवा सुरू झाली, ती एटीआर ७२ विमानाने. हे ओळखायला सगळ्यात सोपं: पंख अंगाच्या वर बसवलेले, दोन्हीकडे सहा पात्यांचा पंखा आणि शेपटी इंग्रजी 'टी'सारखी.

खरी कसोटी एअरबस ए३२० आणि बोइंग ७३७ची. दुरून अगदी जुळी भावंडं! बोइंगच्या उभ्या शेपटीचा पुढचा काठ मुळाशी वळून पाठीवर उतरतो, एअरबसचा सरळ येतो. डोक्यावरून जाताना पोट बघा. ७३७च्या मुख्य चाकांना झाकण नसतं, दुर्बिणीतून दोन काळी वर्तुळं दिसतात. माझी सर्वांत लाडकी खूण हीच.

खूप उंचावर नुसत्या पांढऱ्या रेघा (धूर नव्हे, गोठलेली वाफ) दिसल्या, तर मोजा: चार रेघा, चार इंजिनं.